पोंगलच्या चंद्रकळा

आमचा शिवणवर्ग तंजावरच्या बाईंमुळे बंद पडला, असं मंडळात अनेक वर्षं बोललं जायचं. ते खरं नाही.

बाई अण्णा नगरात आमच्या शेजारी राहायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची आणि हेल तमिळ. मी बँकेच्या नोकरीसाठी सोलापूरहून आलेला, मराठी मंडळाचा सचिव. कालव्याकाठच्या वस्तीतल्या बायकांसाठी आम्ही वर्ग काढला, तो शिकवायच्या बाई. मला तमिळ येत नसे; भाजीवाल्याशीही खुणांनीच बोलावं लागायचं.

एका वर्षी ठरवलं, आमची संक्रांत आणि त्यांचा पोंगल एकत्र करायचा. वर्गातल्या बायकांना वाण म्हणून मी सोलापूरहून चंद्रकळा मागवल्या. गठ्ठा सोडताच बाई म्हणाल्या, "अण्णा, काळ्या साड्या? पोंगलच्या दिवशी सवाष्णीस काळं देतात होय?"

"आमच्याकडे संक्रांतीला काळंच नेसतात."

"तुमच्याकडे. त्या बायका कुठल्या?"

"नेसल्या की आवडेल त्यांना. यालाच देवाणघेवाण म्हणतात."

"देवाण दिसली हो," बाई म्हणाल्या आणि तिळगुळाचं ताट उचलून आत गेल्या.

बायका पोरांना घेऊन, डोक्यात फुलं माळून आल्या. हळदीकुंकू हौसेनं लावून घेतलं. साड्यांच्या घड्या हातात पडल्या आणि बायका पोरांना हाका मारून निघाल्या. कुणी परत केली नाही, तेवढी त्यांची रीत. पण सणाला घरात अशुभ आलं, या धास्तीनं नंतर कुणी वर्गाला फिरकलं नाही.

बैठकीत विचारणा झाली, "इथली रीत आपल्याला कुणी सांगितली कशी नाही?" मी म्हणालो, "बाईंना माहीत असणार. त्या काही बोलल्या नाहीत."

बाई समोरच बसल्या होत्या. मग पर्स उचलून गेल्या, त्या मंडळात पुन्हा आल्या नाहीत. आमच्या घरीही नाही. माझी पत्नी विचारायची, "काय झालं हो त्यांना?" तिलाही मी खरं सांगितलं नाही. आता ती नाही.

गेल्या महिन्यात बसनं नुंगंबाक्कमला गेलो. बाई आता तिथे मुलाकडे असतात. मी सगळं बोललो. त्यांनी कॉफी पुढे केली.

"मला काय सांगता, अण्णा? मी होतेच की तिथं. मंडळात सांगा."

मंडळात त्या बैठकीतलं आता कुणी उरलेलं नाही. कुणी पुण्याला मुलाकडे गेलं, कुणी वारलं. नवी मुलं आयटीतली. त्यांना सांगायला गेलो, तर एकानं आदरानं खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, कुठल्या बाई?"

म्हणून लिहून ठेवतो. बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.