झेलिमिरचं गटिंग

आमच्या ओसियेक शहरातल्या टेनिस क्लबात झेलिमिर बुरिचइतका आळशी खेळाडू दुसरा नव्हता. ट्राम चालवायचा; बसून बसून पाय जड झालेत म्हणे. पण हरला की खापर रॅकेटवर. कधी तारांचं गटिंग ढिलं, कधी फार घट्ट. सारखं उसवायचा, पुन्हा ओवायचा.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर त्याने हद्दच केली. द्रावा नदीतले मोठे मासे धरायची दोरी आणली, उभ्या तारा दोन थरांत ओवल्या, आडव्या मोजक्याच ठेवल्या आणि घासतील तिथे प्लास्टिकच्या नळीचे तुकडे घातले.

"टेनिसला आलायस की गळ टाकायला?" मी विचारलं.

"हस, लेका. कोर्टवर कळेल."

आमचा चॅम्पियन व्लात्को हसतच उतरला. पण झेलिमिरने मारलेल्या चेंडूचा आवाजच येईना, उशीवर आपटल्यासारखा. आणि टप्पा पडला की चेंडू भलतीकडेच उसळे. एकदा छातीवर, एकदा कानाशेजारून. व्लात्को हवेत रॅकेट फिरवत राहिला आणि हरला.

झालं! कालपर्यंत टिंगल करणारे रॅकेटी काखेत मारून झेलिमिरच्या दाराशी. क्लबचा सेक्रेटरी तर राकिया दारूची बाटली घेऊन आला. "झेलिमिरसाहेब, माझंही जरा तसंच करून द्या ना." असले कणाहीन लोक!

साहेबांनी सराव सोडला. "मी कशाला पळू? चेंडूच समोरच्याला पळवतो," असं सांगत हिंडायचे.

सप्टेंबरात डॅन्यूबकाठच्या वुकोवारच्या क्लबशी सामना होता. व्लात्कोला मागे सारून पहिल्या नंबरावर याला उतरवलं. समोर स्तेवान नावाचा पोट सुटलेला दंतवैद्य. सुरुवातीला त्यालाही चेंडू सापडेना. मग तो सरळ नेटजवळ येऊन उभा राहिला आणि टप्पा पडायच्या आतच चेंडू परतवू लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. झेलिमिरची जीभ बाहेर आली. तो हरला, आणि त्याच्याकडून गटिंग करून घेतलेले आमचे बाकीचे शहाणेही तसेच हरले.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "डॅन्यूबची हवा दमट. दोरीने पाणी प्यायलं."

"दोरीने नाही, तू प्यायलीस, सेक्रेटरीची राकिया," त्याची बायको आन्कित्सा म्हणाली. "जरा पळाला असतास तर मोडला असतास का?"

मागच्या बाकांवरून लोक ओरडू लागले, "आमच्या जुन्या तारा परत बसवून दे!" त्याने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

असले उपद्व्याप करणारे युरोपात इतरही होते. पुढच्या वर्षी असल्या दुहेरी गटिंगवर नियमानेच बंदी आली. आम्हाला वाटलं, आता तरी हा शरमेल. कसचं काय! माशांच्या रश्श्यात पाव बुडवत तो आजही भेटेल त्याला ऐकवतो, "माझी इतकी धास्ती घेतली, की जगाला नियम करावा लागला!"

दंतवैद्याचं नाव मात्र त्याला कधीच आठवत नाही.