मी जपानी चहाला कडबा म्हणालो

"कडबा! माझ्या घरात माणसांना कडबा पाजायला निघालीस व्हय गं?"

माझा दोस्त आप्पा ओरडत होता. आप्पाचं ओरडणं म्हणजे भूमच्या स्टँडावर झोपलेलं कुत्रं पार कळंबात जाऊन उठावं, असलं. त्याच्या हातात हिरवं चकचकीत पाकीट, समोर त्याची सून पल्लवी, आणि मधे खुर्चीत पाय पसरून, हायकोर्टाचा जज्ज बसावा तसा मी. कडबा हा शब्द माझा होता. आप्पा तो नुसता मोठ्यानं म्हणत होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, आप्पाला तर नाहीच. दिवाळीत थोडं सांगून टाकलं, पण पूर्ण सांगतोय ते आज, तुम्हाला, पहिल्यांदाच. जरा जवळ सरका. आणि मी मधेच थापा मारायला लागलो तर — लागणारच — तेवढ्या सोडून द्या. सवय आहे ती. जिथं थाप नसेल तिथं माझा आवाज आपोआप खाली येतो, त्यावरून ओळखा.

तर, माझं नाक. आमच्या भागात घरोघरी म्हशी आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. मी पस्तीस वर्षं व्यापाऱ्यांसाठी खवा पारखला. गोळा घ्यायचा, तळहातावर रगडायचा, तूप किती सुटतं ते बघायचं आणि मग नाकाशी न्यायचा. तळहाताचं काम कुणालाही जमतं. नाकाचं माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही. वास घेऊन मी दूध सकाळचं का संध्याकाळचं ते सांगायचो. म्हैस कुणाची ते सांगायचो. एकदा तर सांगितलं, की या म्हशीला काल माहेरची आठवण आली होती — आणि मालक कबूल झाला, की व्हय, कालच तिची बहीण बाजारात विकली! (आवाज खाली आला नाही ना? बरोबर.) पण हे खरं, की गोळा माझ्या नाकाखालनं गेल्याशिवाय डब्यात भरला जात नव्हता. पोरीच्या लग्नात केटरिंगवाल्याचा श्रीखंडाचा डबासुद्धा लोक आधी माझ्याकडं आणायचे. आणि मी? मी डोळे मिटून, मान वर करून, असा काही श्वास ओढायचो की आजूबाजूची माणसं आपला रोखून धरायची.

मग ती साथ आली, तो ताप आला, आणि जाताना माझं नाक घेऊन गेला.

पहिल्यांदा वाटलं, येईल परत. आठवडा गेला, महिना गेला. देवापुढची उदबत्ती म्हणजे नुसता धूर. एकदा गॅसवर दूध करपून पातेलं काळं पडलं, शेजारीण धावत आली, आणि मी त्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. बायको म्हणाली, "तुमचं लक्ष कुठं असतंय?" मी म्हणालो, विचार करत होतो. पस्तीस वर्षांत मी विचार करताना सापडलो तो तेवढा एकदाच!

तेव्हाच सांगायचं होतं. नाक गेलं, एवढंच — त्यात लाज कसली? माणसांचे दात जातात, केस जातात, गुडघे जातात. पण नाक गेल्यावर या नानाचं, म्हणजे माझं, राहतं काय? मी गप्प बसलो. खवा अजून तळहातावर कळत होता. उरलेलं मी तोंडं बघून निभावत होतो. आणणाऱ्याची नजर पायाकडं गेली की समजायचं, गोळा कालचा. डोळे मिटल्याचं नाटक करायचो आणि पापणीखालून समोरच्याचं तोंड वाचायचो. कुणाला कळलं नाही. उलट ख्याती वाढली!

आता त्या चहाचं.

पल्लवी लातूरची. शिकलेली, बोलायला मऊ, पण एकदा मनावर घेतलं की सोडणारी नव्हे. तिच्या डोक्यात आलं की आप्पाच्या भट्टीच्या खव्याचे पेढे करायचे, हवाबंद पाकिटात घालायचे, पाकिटावर तारीख छापायची आणि पुण्या-मुंबईला थेट घरोघरी पाठवायचे. दोन वर्षं ती हेच बोलत होती. रात्रंदिवस मोबाईलवर पाकिटंच बघायची. आप्पाचा मुलगा तिच्या बाजूचा. आप्पाला तोंडावर नाही म्हणता येईना. आणि हो म्हणायची हिंमत होईना, कारण बापजाद्यांपासून खवा डब्यातनं गेलेला, व्यापारी दाराशी येऊन नेणारा. सुनेचं नाव पाकिटावर छापून गावोगाव जाणार, ही कल्पनाच त्याला झेपत नव्हती.

तेव्हा तिनं जपानचा हिरवा चहा ऑनलाइन मागवला. चहासाठी नव्हे हो — पाकिटासाठी. आप्पाला म्हणाली, "आप्पा, हा चहा आपल्या खव्यासारखाच नाजूक असतो. ऊन लागलं, हवा लागली, ओल लागली की गेला. समुद्र ओलांडून येऊनसुद्धा तो ताजा निघाला, तर आपला पेढा पुण्याला जाईपर्यंत का टिकणार नाही?"

आप्पाला वाट सापडली. म्हणाला, "ठरलं. चहा ताजा निघाला तर तुझा धंदा चालू कर, म्या सोता पाकिटं बंद करायचं मशीन आणून देतो. शिळा निघाला तर पुन्हा इषय न्हाय. आन् निकाल नाना देईल."

ती लगेच हो म्हणाली. हे मला अजून टोचतं. तिला खात्री होती — चहाची, आणि माझ्या नाकाची.

तर त्या दुपारी आम्ही बसलो. तिनं माझ्यासमोर पाकीट फोडलं, पांढऱ्या बशीत पानं ओतली. म्हणाली, "नाना, मी वाचलंय त्यात असं आहे, की पानं हिरवीगार आणि चमकदार पाहिजेत, पिवळट-तपकिरी नकोत. आणि वास ताज्या कापलेल्या गवताचा यायला हवा. वाळल्या कडब्याचा आला तर समजायचं शिळा."

बघा, किती सोपं करून दिलं तिनं. दोनच उत्तरं. गवत किंवा कडबा.

मी बशी उचलली. डोळे मिटले. मान वर केली. असा श्वास ओढला की दोन-चार पानं नाकात गेली असतील. आणि — काही नाही. कोऱ्या भिंतीचा वास घ्यावा तसं.

इथं आवाज खाली येतोय माझा.

कारण मी आंधळा नव्हतो. पानं मला दिसत होती. पावसानंतर बांधावर गवत उगवतं तसल्या हिरव्या रंगाची, सुईसारखी बारीक, चकाकणारी. पिवळेपणाचा ठिपका नाही. तिनं सांगितलेली अर्धी परीक्षा डोळ्यांनी पास होत होती. मला 'गवत' म्हणता आलं असतं. वास न येताही ते खरंच ठरलं असतं!

मी पापणीखालून आप्पाचं तोंड बघितलं. त्याला काय हवंय ते त्याच्या कपाळावर पाटी लावल्यासारखं होतं.

"कडबा," मी म्हणालो.

एकच शब्द. मग भीती वाटली की एका शब्दावर विश्वास बसायचा नाही, म्हणून आणखी घातलं — की दोन पावसाळे गोदामात काढलेला माल आहे, तळाला उंदीर फिरलाय, बोटीवर समुद्राचं पाणी लागलंय. त्या चहाची कुंडलीच मांडली मी! आप्पा ओरडायला लागला. पल्लवी म्हणाली, "निदान पिऊन तरी बघा. फक्त पाणी उकळतं घेऊ नका, जरा निववून घ्या." पण पाव्हण्याला न उकळलेला चहा द्यायचा म्हणजे आप्पाच्या घराण्याचा अपमान. वहिनींनी, म्हणजे आप्पाच्या बायकोनं, तो दुधात घातला, साखर घातली, आलं ठेचून घातलं आणि पाच उकळ्या काढल्या. जे खाली उतरलं ते बैलाच्या औषधासारखं होतं. आप्पानं एक घोट घेऊन अंगणात थुंकला. झाला निकाल. भूमच्या न्यायालयात जपान हरला.

पल्लवीनं बशीतली पानं पाकिटात परत भरली. मग माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नव्हे. विचारल्यासारखं. मी कपबशीकडं बघत राहिलो — कालचा खवा घेऊन आलेला माणूस पायाकडं बघतो, अगदी तसा.

पेढ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मित्राला खूश करायला खोटं बोललास, एवढंच ना? मीही वर्षभर स्वतःला हेच सांगत होतो. पण तसं नाही. खरं कारण आप्पाच्या तोंडावर नव्हतंच. ती 'तारीख छापायची' म्हणाली होती, तेव्हापासून मी तिच्या पाकिटांना भीत होतो. पाकिटावर तारीख आली की नाकाला कोण विचारणार? मेलेलं नाक मी जिवंत म्हणून मिरवत होतो, आणि ती पोरगी नकळत त्याचा मृत्यूचा दाखला छापायला निघाली होती. म्हणून मी तिचा धंदा बशीतच मारला. ठरवून. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. झालं, सांगितलं.

गेल्या दिवाळीत आप्पाकडं फराळाला गेलो. त्याच्या साडूनं पुण्याहून पेढे आणले होते — हवाबंद पाकिटात, वर तारीख. कुठल्या भट्टीचे म्हणून पाहिलं, तर आमच्याच तालुक्यातल्या, चार गावं पलीकडच्या एका बाईचं नाव छापलेलं. आप्पानं एक पेढा तोंडात टाकला, दुसरा टाकला. "लई झ्याक राहिलाय गड्या! नाना, वास घेऊन सांग, कधीचा असंल?" पल्लवी ताट घेऊन उभीच होती. तिनं ते पाकीट वाचलं होतं. नाव, गाव, तारीख, सगळं.

मी पेढा नाकापर्यंत नेला. आणि तिथून खाली ठेवला.

म्हणालो, "आप्पा, मला वास येत न्हाय. त्या तापापासून येत न्हाय. चहाचा पण आला नव्हता. पानं हिरवीगार दिसत हुती मला. तरी म्या कडबा म्हणालो."

पस्तीस वर्षांत मी इतकं थोडक्यात कधी बोललो नव्हतो. छातीवरनं कुणीतरी दुधाचा भरलेला कॅन उतरवून ठेवावा तसं झालं. खरं सांगू? त्या क्षणी मला लाजेच्या आधी भूकच लागली. मोकळा श्वास आला — बिनवासाचा, पण मोकळा. आता तर मी सगळ्यांना सांगत सुटतो, की नाक गेलंय बाबांनो, डबा दुसरीकडं न्या. बायको गॅसवर दूध ठेवलं की मला बाहेर हाकलते. केवढं सुख आहे त्यात, तुम्हाला कळायचं नाही.

आप्पा मात्र ओरडला नाही. तो उठला आणि चप्पल न घालताच भट्टीकडं चालत गेला.

मी पल्लवीकडं वळलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तेवढ्यात तीच बोलली. ताटातली चकली सरळ करत, पाणी हवंय का विचारावं तशा आवाजात.

"चांगला होता तो चहा, नाना. मी एकटीनं पिऊन संपवला."