माणसाचा होकार

लूपेचा मेसेज आला तेव्हा मी प्लेनोतल्या इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये होतो. 'मानासे आज पहाटे गेला. हार्ट.' एवढंच. मी तो वाचला, गाडीत बसलो, घरी आलो. "सामान कुठंय?" असं बायकोनं, स्मितानं, विचारल्यावर कळलं, की भरलेली ट्रॉली तिथेच उन्हात सोडून आलोय. लूपे ही मानासेची बहीण, इथे विमानतळाजवळच्या टोंगन वस्तीत राहते. असलं काही ती खात्री केल्याशिवाय लिहिणार नाही हे माहीत असूनही मी तिला फोन केला आणि "नक्की का?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. ती बिचारी प्रत्येक वेळी "नक्की" म्हणत होती...

मग अल्फारेटाला सुधीरला फोन लावला. "सुध्या, माणूस गेला."

"कुठला माणूस?"

"आपला माणूस."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. "अरे, परवाच त्यानं मला फोटो पाठवला होता यार," सुधीर म्हणाला. परवा फोटो पाठवणारी माणसं आज जात नाहीत अशीच आम्हा दोघांची समजूत होती.

अमेरिकेत आल्यावर, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकताना आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. टोंगा कुठे आहे हे आम्हाला नकाशात शोधावं लागलं होतं. पॅसिफिकमधल्या बेटांचं ते चिमुकलं राज्य, अजून राजा असलेलं. तिथून हा सिव्हिल इंजिनिअरिंगला आलेला, दारातून वाकून आत येणारा, पण आवाज अगदी मऊ. मानासे हे नाव आम्ही दुसऱ्याच दिवशी मराठी करून टाकलं. "ए माणसा, आज भांडी तुझी." त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो खूश झाला. "म्हणजे मला हाक मारलीत की सगळ्यांनीच वळून बघायला हवं," म्हणाला.

पहिले काही दिवस मात्र तो आम्हाला भलताच शिष्ट वाटला. "माणसा, तुझा भात लावू का?" असं विचारलं की हा तोंडानं काही न बोलता नुसत्या भुवया उंचावायचा. आपल्याकडे भुवया उंचावल्या की त्याचा काय अर्थ होतो ते मी सांगायला नको. "भात विचारला तर याला एवढा धक्का कसला बसतो?" म्हणून सुधीर चिडला आणि त्यानं भात दोघांपुरताच लावला. जेवायला बसल्यावर मानासे रिकाम्या कुकरकडे बघून कळवळून म्हणाला, "पण मी हो म्हणालो होतो." तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे भुवया वर म्हणजे होकार. त्यानंही मग मनातलं विचारून घेतलं, की तुमची ती मान डुलते ती हो म्हणते, नाही म्हणते, की बघू म्हणते? "तिन्ही," सुधीर म्हणाला.

डिग्री घेऊन तो सरळ परत गेला. आम्ही इथेच राहिलो, घरं घेतली, मॉर्टगेजला लागलो. तो तिकडे सरकारी खात्यात रस्ते आणि धक्के बांधत होता. मग निवडून आला, पार्लमेंटमध्ये बसला आणि पाण्याचं खातं त्याच्याकडे आलं. माणूस मंत्री झाला म्हणून आम्ही फोनवर खूप हसलो. फोटोत कोटाखाली कमरेला विणलेली चटई गुंडाळलेली. तो त्यांचा आदराचा पोशाख. सुधीरनं लगेच विचारलं, की सभा लांबली तर तीच अंथरून झोपतोस का? मंत्रिमहोदयांनी व्हिडिओ कॉलवर भुवया उंचावल्या.

पुढे तिकडे ज्वालामुखी फुटला, समुद्र गावांत शिरला, समुद्राखालची फोन-इंटरनेटची केबल तुटली आणि सगळी बेटंच गप्प झाली. तो गेलाच असं धरून मी तेव्हा एकदा रडून घेतलं होतं. आणि एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला, मोडक्या मराठीत, "माणूस आहे अजून." कदाचित म्हणूनच आत्ताचं खरं वाटत नाही. अजूनही अनोळखी नंबर दिसला की मी धावत उचलतो.

राखेनं गावोगावच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्या बाद झाल्या होत्या. नव्या टाक्या आधी आपल्या मतदारांकडे जाव्यात, असा वरून आग्रह आला. सगळी कॅबिनेट याच्याकडे बघत होती. "आणि तू काय म्हणालास?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "भुवया हलू दिल्या नाहीत." मंत्रिपद गेलं. पुढच्या सरकारनं त्यालाच बोलावून तेच खातं पुन्हा दिलं. त्याचा हो मिळायला अवघड, पण मिळाला की मिळाला, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

शेवटचा भेटला तो लूपेकडे आला होता तेव्हा. मीच त्याला एअरपोर्टला सोडलं. वाटेत त्यानं नेहमीचं विचारलं, "टोंगाला कधी येतोस?" मी नेहमीसारखी मान डुलवली. "ही मान नको," तो हसून म्हणाला, "भुवयांनी सांग." टर्मिनल आलं, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, विषय राहिला. उतरताना मी म्हटलं, पुढच्या वर्षी आरामात ये, आमच्याकडेच राहा. भुवया वर गेल्या. आयुष्यात त्यानं न पाळलेला, मला माहीत असलेला तेवढा एकच होकार. मला त्याचा रागही येतो, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नाही...

त्याला तिकडे त्याच्या गावात पुरलं. इथे लूपेच्या चर्चच्या हॉलमध्ये प्रार्थना झाली. सगळे काळ्या कपड्यांत, कमरेला चटया. ते गाऊ लागले तेव्हा स्मितानं माझा हात घट्ट धरला. निघताना लूपे दाराशी एकेकाचा हात हातात घेत उभी होती. "त्याची बायको विचारत होती," ती म्हणाली, "वर्षाच्या आत तुम्ही तिथे येणार का?"

माझी मान डुलायला लागली होती. मी ती थांबवली. आणि भुवया वर गेल्या; कशा गेल्या, मलाही कळलं नाही.

लूपेनं माझ्याकडे नीट पाहिलं, मान खाली घातली आणि मागच्या माणसाचा हात हातात घेतला. तिनं पुन्हा विचारलं नाही.