टाके माझेच होते

खडा मी काढला. चांगला सुपारीएवढा होता, मूत्रपिंडात रुतून बसलेला. सिस्टरने स्टीलची वाटी पुढे केली, मी तो वाटीत टाकला. तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. सगळं ऑपरेशन होईपर्यंत ते आपल्या खोलीत दार लावून पेशंट तपासत होते. त्यांनी कोरा हिरवा गाऊन चढवला, वाटी उचलली आणि म्हणाले, "तुम्ही शिवून घ्या. मी दाखवून येतो."

आमच्याकडे खडा नातेवाइकांना दाखवायची रीत होती. तो बघितल्याशिवाय ऑपरेशन झालं असं कुणाला वाटतच नसे. मग तो हातोहात फिरायचा, म्हातारी माणसं डॉक्टरच्या पाया पडायची. दाराआडून मला सगळं ऐकू यायचं. मी टाके घालत राहायचो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईत युरॉलॉजी शिकून नाशकात परत आलो होतो. वडील सातपूरला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. त्यांना वाटलं, पोरगा सुटला आता. मोठे डॉक्टर जनरल सर्जन होते, नाव मोठं, दवाखाना सदा भरलेला. मला घेताना म्हणाले होते, "काम भरपूर आहे. वाढायला वाव आहे. दोन वर्षं काढा, मग दवाखाना आपल्या दोघांचा."

काम भरपूर होतं, त्यात खोटं नव्हतं. फक्त वाटणी ठरलेली होती. प्रॉस्टेट तपासायला मागच्या वाटेने बोट घालावं लागतं, ते माझ्याकडे. लघवी अडलेल्याला नळी घालायची, ती माझ्याकडे. पू माझ्याकडे, वास माझ्याकडे. एकदा त्यांनी बोलूनच दाखवलं, "हे तुम्हीच बघा. तुम्हाला जड जात नाही."

का जड जाणार नाही? माझं नाक वेगळं आहे? माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढली. मी इतकं शिकून त्याच कामाला लागलो होतो, फक्त हातात रबरी मोजे होते.

ऑपरेशनला मात्र पेशंटला भूल चढली की मगच मी आत जायचं. तो शुद्धीवर यायच्या आत बाहेर पडायचं. दोन वर्षं उलटली तेव्हा मी पाटीवरच्या नावाचा विषय काढला. ते हसले. म्हणाले, "लोक आडनाव बघतात हो. माझं काही नाही." त्यांचं कधीच काही नसायचं.

मग सायखेड्याचा एक म्हातारा आला. प्रॉस्टेटचं ऑपरेशन होतं. छाती ऐकून मी म्हणालो, हृदय ठीक वाटत नाही, थोडं थांबू. ते म्हणाले, "उद्याच घ्या. मी त्यांना शब्द दिलाय." ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं. मी छाती दाबत राहिलो, घामाघूम झालो, तो काही परत आला नाही.

मोठे डॉक्टर दारात उभे होते. म्हणाले, "आज तुम्ही जा बाहेर. सांगा त्यांना."

त्या दवाखान्यात नातेवाइकांपुढे मी पहिल्यांदा गेलो तो असा, मरण घेऊन. म्हाताऱ्याच्या मुलाने विचारलं, "तुम्ही कोण? मोठं डॉक्टर कुठं हायेत?"

मी म्हणालो, "ऑपरेशन मी केलं."

"मंग आमच्या बापाला हात तुम्ही लावला व्हता?"

मागून त्यांच्याच गावचा एक जण पुढे आला. त्याने सगळ्यांसमोर सदरा वर केला. "ह्ये बघा. माझा खडा मोठ्या डॉक्टरांनी काढला. लय झ्याक हाय मी. त्यांनीच हात लावला असता तर म्हातारा जगला असता."

कुशीवरचा तो व्रण मी ओळखला. चीर माझी होती. टाके माझेच होते. मी तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याच्या घरचे रडत होते. काय सांगणार? कोण ऐकणार होतं? माझ्या हातांनी जगलेला माणूस माझ्याविरुद्ध साक्ष देत होता, आणि अगदी प्रामाणिकपणे देत होता. मला त्याचा राग आला नाही. स्वतःची किळस आली. भूल पेशंटला देत होते, पण निपचित पडलो होतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटाण्याचा एक कांदा व्यापारी टेबलावर होता. भूल द्यायच्या आधीच मी आत गेलो. मास्क खाली केला, माझं नाव सांगितलं, आडनावासकट. म्हणालो, "तुमचं ऑपरेशन मी करणार आहे."

 तो उठून बसला. "माले मोठा डाक्टरच पाहिजे. नहीतं मी घर जास."

आणि तो खरंच टेबलावरून उतरला. सिस्टर भिंतीकडे बघत होती. मोठे डॉक्टर धावत आले, त्याला समजावत बाहेर घेऊन गेले. परत येऊन दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "झालं समाधान? अशाने उद्या दवाखान्यात कुत्रं फिरकणार नाही. तुम्हालाही दुसरं कुणी घेणार नाही या गावात."

ते खरं बोलत होते. मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "नाही घेतलं तर नाही. पण यापुढे ज्याला माझं नाव माहीत नाही, त्याच्या अंगाला मी सुरी लावणार नाही. पुढचा पेशंट जागा आहे ना? आणा त्याला आत."