मागच्या सीटवरच्या कुरडया

माझ्या मॅनेजरने माझ्या आईच्या कुरडयांवर बसून पस्तीस मिनिटांचा प्रवास केला, आणि त्यात त्याची काडीचीही चूक नव्हती. चूक माझी होती. आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय, की आता ते फ्रेम करून हॉलमध्ये लावायचं तेवढं बाकी आहे.

आम्ही राहतो कॉव्हेंट्रीला. मी एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो, तेही घरून. घरून म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका खोलीतून, जिथे इस्त्रीचं टेबल, जुन्या सूटकेसेस आणि मी, अशा लगेच न लागणाऱ्या वस्तू ठेवलेल्या असतात. माझी बायको मंजिरी मात्र खरीखुरी इंजिनियर आहे. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कामासाठी तिच्या कंपनीने तिला मागच्या वर्षी मे महिन्यात वाळवंटातल्या एका शहरात पाठवलं, दहा आठवड्यांसाठी. (शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या बिल्डिंगमध्ये मला अजून ओळखत असतील.) मी गॅविनला, म्हणजे माझ्या मॅनेजरला विचारलं, मी तिथून काम करू का? त्याने तीन फॉर्म भरून घेतले, दोन आठवडे विचार केला आणि हो म्हणाला.

आईही आमच्याबरोबर आली. बाबा गेल्यापासून ती दर वर्षी एप्रिलमध्ये जळगावहून आमच्याकडे येते आणि सप्टेंबरात परत जाते. इंग्लंडची थंडी तिला सोसत नाही, म्हणून आम्ही तिला उन्हाळ्यात बोलावतो. सोय चांगली आहे. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती, की त्या सोयीपायी तिचा जळगावचा उन्हाळा बुडतो आणि त्याबरोबर वाळवणंही बुडतात. पाच वर्षं तिने कुरडई घातली नव्हती. चाळीस वर्षं न चुकता घालणाऱ्या बाईने!

कॉव्हेंट्रीत प्रयत्न केला नाही असं नाही. एका जुलैमध्ये मोबाइलवर सूर्याचं चित्र बघून आम्ही बागेत चादर अंथरली. सूर्य वीस मिनिटं आला, आमची चादर बघून गेला आणि मागे रिमझिम सोडून गेला. मग कुरडया आत आणून रेडिएटरवर मांडल्या. जुलैत हीटिंग लावून आम्ही तिघं घामाने निथळत बसलो. कुरडयांना आधी मोज्यांचा वास आला आणि तिसऱ्या दिवशी हिरवी लव आली. आईने स्वतःच्या हाताने त्या कौन्सिलच्या ब्राऊन बिनमध्ये टाकल्या. त्यानंतर तिने कुरडईचं नाव काढलं नाही. आम्ही समजलो, विसरली.

वाळवंटातल्या त्या फ्लॅटवर पोचलो, त्या पहिल्याच दुपारी ती बाल्कनीत गेली. शेहेचाळीस डिग्री. मी दार उघडून तसाच मागे सरकलो. आई मात्र कठड्याबाहेर हात काढून, तवा तापलाय का बघावं तशी उभी राहिली. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला आमची जळगावची गच्चीच आठवली.

त्या गच्चीवर मे महिन्यात मला राखणीला बसवायचे. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, समोर शेजारपाजारच्या चार घरांची वाळवणं. पहाटे सगळ्या बायका एका घरी जमायच्या, सोऱ्या फिरवायच्या, गावातल्या यच्चयावत सासवांचा उद्धार करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जायच्या. कावळे येऊ नयेत म्हणून मी होतो. माझ्यापासून राखायला मात्र कोणी नव्हतं. बाहेरून कडक आणि आतून ओली अशी अर्धवट वाळलेली कुरडई ज्याने खाल्ली नाही, त्याचं बालपण वाया गेलं असं माझं स्पष्ट मत आहे.

"नंदू," आई बाल्कनीतून म्हणाली, "एवढं ऊन रोज फुकट चाललंय रे. इथले लोक काहीच वाळवत नाहीत?"

मी म्हटलं, पुढच्या वीकेंडला करू. पुढच्या वीकेंडला मी तेच म्हटलं. असे आठ वीकेंड गेले. (मला काम होतं असं मी सांगत असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.) शेवटी परतीला आठवडा राहिला, तेव्हा आईने मला न विचारता बशीरकडून तीन किलो गहू मागवले आणि बाथरूममधल्या दोन बादल्यांत भिजत घातले. बशीर हा बिल्डिंगचा केअरटेकर, मूळचा केरळचा.

कुरडईचे गहू तीन दिवस भिजवतात. रोज पाणी बदललं तरी त्यांना एक आंबूस वास येतो. जळगावात त्या वासाला उन्हाळा म्हणतात. त्या शहरात घरी दारू गाळणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि तिथे त्या वासाला वेगळं काहीतरी म्हणतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बशीर दारात उभा राहिला, नाक वर करून.

"साब, अंदर क्या बन रहा है?"

मी समजावायला गेलो. तीन दिवस गहू सडवलेत, आता वाटायचे, गाळायचे, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वरचं पाणी काढून टाकायचं, असं मी मोडक्या हिंदीत सविस्तर सांगितलं. प्रत्येक वाक्यागणिक बशीरचा चेहरा उतरत गेला. शेवटी आईने त्याला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, बादल्या दाखवल्या आणि उद्या सकाळी सहाला यायला सांगितलं. तो आला, तपासणी म्हणून. आईने त्याला गरम चीक, वर तूप-साखर घालून, वाटीभर दिला. तपासणी दुसऱ्या वाटीपर्यंत चालली.

पण नियम तो नियम. बाल्कनीत काही वाळत घालायचं नाही, आणि गच्चीवर एसीची यंत्रं असल्यामुळे तिथे कोणाला सोडायचं नाही. सोडलं तर नोकरी जाईल, असं बशीर अगदी काकुळतीने म्हणाला. पातेल्यात शिजलेला चीक, बाहेर आग ओकणारं ऊन, आणि मध्ये काच. आई हातात सोऱ्या घेऊन नुसती उभी राहिली.

इथे माझं डोकं चाललं. (ते चाललं नसतं तर बरं झालं असतं, असं मंजिरी म्हणते.) कंपनीने मंजिरीला गाडी दिली होती, पण ती साइटवर कंपनीच्या बसने जायची. गाडी दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये तापत पडायची, इतकी, की स्टिअरिंगला हात लावला तर फोड यावा. मी म्हटलं, आई, ही गाडी नाही, ही भट्टी आहे!

आईने ओट्यावरच प्लास्टिकच्या कागदांवर कुरडया घातल्या. ते कागद ट्रेमध्ये ठेवून बशीरने आणि मी खाली नेले. डॅशबोर्डवर, पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर आणि डिकीत कुरडयांच्या रांगा लागल्या. मागच्या सीटवरच्या सगळ्यांत सुबक होत्या. त्यांच्यावर आईने धूळ बसू नये म्हणून पांढरी सुती चादर घातली. मग ती लॉबीत बशीरशेजारी खुर्ची टाकून, काचेतून गाडीकडे बघत, हातात मिटलेली छत्री घेऊन राखणीला बसली.

तासाभराने मी खाली गेलो, तेव्हा ती जरा हिरमुसलेली दिसली. म्हणाली, "कावळा नाही, चिमणी नाही, बायका नाहीत, पोरं नाहीत. राखायचं कोणापासून?" तरी ती उठली नाही. बारापर्यंत बसली आणि मग जेवून जरा पडते म्हणून वर गेली.

सव्वाबाराला गॅविनचा मेसेज आला. तो ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे चालला होता आणि वाटेत या शहरात त्याचं विमान सात तास थांबणार होतं. मी कसं काम करतो ते बघायला तो येणार, मी त्याला घ्यायला जाणार, हे ठरलेलं होतं. फक्त उद्याचं ठरलं होतं. विमान बदललं आणि तो आजच उतरला.

मी टॅक्सीने जाऊ शकलो असतो. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी पळत गाडीकडे गेलो, डॅशबोर्डवरच्या आणि पुढच्या सीटवरच्या कुरडया बशीरच्या टेबलावर ठेवल्या आणि निघालो. गॅविन पुढे बसेल, मागचं मागे राहील, आईची झोप होईपर्यंत आम्ही परत येऊ, असा हिशेब होता.

गॅविन बाहेर आला तो उन्हाने आधीच लाल झालेला. मी त्याची बॅग घेऊन डिकीत दोन ट्रेंच्या मधोमध बसवायला लागलो. तेवढ्यात गॅविन सवयीने गाडीच्या डावीकडे गेला. इंग्लंडमध्ये पाहुणा डावीकडे बसतो. वाळवंटातल्या त्या शहरात डावीकडे ड्रायव्हर बसतो. त्याने दार उघडलं, समोर स्टिअरिंग दिसलं, तो ओशाळून हसला. गाडीला वळसा घालून मला ताटकळत ठेवायला नको, अशा सभ्य विचाराने त्याने तिथलंच मागचं दार उघडलं आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसला.

डिकीत वाकलेल्या मला तो आवाज ऐकू आला. कर्रर्र.

"सॉरी," गॅविन म्हणाला.

इंग्रज माणूस कशावरही बसला तरी सॉरी म्हणतो. पण एकदा बसल्यावर उठणं, चादर उचलून बघणं, हे त्याला दुसऱ्याच्या घरात कपाट उघडण्यासारखं वाटतं. त्यामुळे तो उठला नाही. उठा म्हणायचं काम माझं होतं. मी तोंड उघडलं, आणि बारा वर्षांच्या नोकरीच्या सवयीने त्यातून शब्द आले, "कम्फर्टेबल?"

"व्हेरी," गॅविन म्हणाला.

पस्तीस मिनिटं! वाटेत सात स्पीडब्रेकर होते. उजवीकडची अर्धी सीट अजून शाबूत आहे हे मला आवाजावरून कळत होतं, म्हणून प्रत्येक गोल चौकात मी गाडी बैलगाडीच्या वेगाने वळवत होतो. मागचे लोक हॉर्न मारत होते. गॅविन तोल सांभाळायला जरासा सरकायचा की आणखी एक रांग जायची. त्या सबंध वेळात आम्ही पुढच्या तिमाहीतल्या कामाबद्दल अत्यंत गंभीरपणे बोललो. तो कर्रर्र झाल्यावर क्षणभर थांबायचा, मीही थांबायचो, मग दोघंही पुढे बोलायचो.

आई लॉबीत उभी होती, हातात जळगावहून आणलेला स्टीलचा डबा. गॅविनने वाकून नमस्ते केलं. तिने त्याला नमस्कार केला, त्याच्या पँटच्या मागे चिकटलेल्या पांढऱ्या कणांकडे बघितलं, सरळ गाडीकडे गेली आणि चादर उचलली.

"यावर कोणी बसलं होतं?"

"साहेब," मी म्हणालो.

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार आई? साहेब आहेत ते."

"मग मी कोण आहे?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या उन्हात उभं राहून मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. पाच वर्षं वाट बघून घातलेल्या कुरडया, आणि एक 'प्लीज, उठता का?' तोंडातून न निघाल्यामुळे मी त्या घालवल्या होत्या.

वर गेल्यावर मी गॅविनला खरं काय ते सांगितलं. तो आणखी लाल झाला. अकरा वेळा सॉरी म्हणाला. आईने त्याला पन्हं दिलं, खुर्ची दिली. बसण्याआधी त्याने खुर्चीवर हात फिरवून बघितला. "त्याला सांग, त्याची काही चूक नाही," आई मला म्हणाली, आणि माझ्याबद्दल काहीच बोलली नाही. टेबलावरच्या मी घाईत उचलतानाच मोडल्या होत्या आणि डिकीतल्या स्पीडब्रेकरवर उडालेल्या बॅगेखाली गेल्या होत्या; सगळ्या मिळून मूठभर अख्ख्या कुरडया निघाल्या. त्याही तिने तळून गॅविनसमोर ठेवल्या. पुन्हा गहू भिजवायला वेळ उरला नव्हता. तिने सगळा चुरा, कणन् कण वेचून, डब्यात भरला आणि तो डबा मांडीवर घेऊन ती विमानात बसली.

कॉव्हेंट्रीत आल्यावर पाऊसच होता. आठवड्याभराने शुक्रवारी दुपारी आईने तिथल्या मराठी मंडळातल्या चार बायकांना जेवायला बोलावलं. तिने डबा उघडून आधी मला वास दिला. खरंच, त्याला उन्हाचा वास येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो कांदा होता असं मी म्हणालो, कारण तेव्हा ती कांदा चिरत होतीच. तो चुरा भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन तिने कुरडईची भाजी केली. बायकांनी बोटं चाटली. इकडे अशी भाजी खाऊन वर्षं झाली, म्हणाल्या. लॉबीत बसून जे तिला मिळालं नव्हतं ते त्या किचनमध्ये होतं. पाचही जणी एकदम बोलत होत्या आणि सासवांचा विषय निघाला होता.

"पण काकू, इतका एकसारखा चुरा केलात कसा?" एकीने विचारलं. "मिक्सरला लावला?"

"नाही गं," आई म्हणाली. "नंदूचा साहेब त्याच्यावर बसला होता. पस्तीस मिनिटं बसला बिचारा, तर एवढं काम झालं. आमचा नंदू बारा वर्षं बसलाय त्या कंपनीत, आणि काय झालं विचारलं की म्हणतो, अजून तपासतोय."

सगळ्या हसल्या. दोनची मीटिंग होती. वरच्या खोलीत जाऊन बसलो.