नख अडतंय

स्पीकर फळीवर नुसता ठोकून दिलेला दिसला, की आमच्या ह्यांचं डोकं फिरायचं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो, तरी चहाच्या आधी ह्यांचा हात तिथल्या स्पीकरच्या पेटीवर. स्पीकरची गोल कडा लाकडाच्या वर आलेली असली, तर "आवाज ह्या कडेला ठेचकाळतो, आणि तुम्ही त्याला गाणं म्हणता" असं यजमानांना सुनवायचे. आमची दोन-तीन नाती अशीच तुटली.

तीस वर्षं ह्यांनी स्वतःच्या कारखान्यात स्पीकरच्या पेट्या केल्या. पुढच्या फळीत राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, गोल खाच पाडायची, स्पीकरच्या कडेइतकीच खोल, खालच्या रबरी पट्टीची जाडी धरून, म्हणजे स्पीकर लाकडाच्या सपाटीला बसतो. मापं घ्यायचे, पण विश्वास मापांवर नव्हता. शेवटी अंगठ्याचं नख लाकडावरून स्पीकरवर सरकवायचे. अडलं तर खाच उथळ, घसरलं तर खोल. दोन्ही वेळा फळी बाद. कारखान्यात ह्यांना सगळे 'नख' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात.

त्याच राउटरने घात केला. हादरे खाऊन खाऊन बोटं बधिर झाली. उकळत्या चहाचं भांडं ह्यांनी फडक्याशिवाय उचललं, तेव्हा मला कळलं. ह्यांनी मात्र कबूल केलं नाही. नख फिरवत राहिले, "बसला" म्हणत राहिले.

बसलेला नसायचा. कारखाना आता मुलगा बघतो. वडिलांची पाठ वळली की तो वर आलेली कडा झाकायला पेटीच्या तोंडावर कापडी जाळी ताणायचा. बापाची लाज राखतोय असं त्याला वाटायचं. सूनबाई म्हणायची, आई, बाबांना सांगू नका, खचतील. घरभर आळीमिळी गुपचिळी. मीही त्यातच होते, हे आधी सांगते. ज्या माणसाने जन्मभर जाळीला 'पापाचं पांघरूण' म्हटलं, त्याच्याच कामावर जाळी, आणि तो रोज खुशीत घरी येतोय. आठवलं की अजून अंगाची लाही होते.

एका दुपारी मी कारखान्यात डबा घेऊन गेले. ह्यांनी नवी पेटी दाखवायला मला जवळ बोलावलं. मागून मुलाने माझ्यावर डोळे वटारले. आईवर! माझं टाळकंच सटकलं. मी नख लावलं. कडेला अडकून टोक तुटलं.

"अडतंय," मी म्हटलं.

ह्यांनी स्वतःचा अंगठा फिरवला. दोनदा फिरवला. नाही अडत, म्हणाले.

"तुमच्या बोटांना कळत नाही. वर्ष झालं."

ह्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने खाली पाहिलं. कोपऱ्यात जाळीच्या कापडाचा तागा होता, तो ह्यांना दिसला. मग माझ्याकडे वळले.

"वर्षभर? आणि तू रोज माझा डबा भरत होतीस?"

डबा तिथेच ठेवून मी घरी आले.

चार दिवस ह्यांनी डबा नेला नाही. मीही धुमसत होते. वर्षभर गोड बोलणारे सगळे सुटले, आणि मी खरं बोलले म्हणून अबोला मला.

पाचव्या दिवशी कारखान्यातून ह्यांचा फोन आला. "नख घेऊन ये."

मी म्हटलं, ते तुटलंय त्या दिवशी.

"मग दुसऱ्या हाताचं आण. फळी लावून ठेवलीय."