हवेवर पाळत ठेवणारे साडू

अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यात हवेवर पाळत ठेवणारा माणूस एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू आहेत. श्रीरामपुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात ते हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली. लेकीनं पुण्याहून हवेतली बारीक धूळ मोजायचं यंत्र पाठवलं, तेव्हापासून त्यांनी हवेशी उभा दावा मांडला. साबणाच्या वडीएवढं ते यंत्र. आकडा चढला की लाल व्हायचं, आणि पाठोपाठ साडूही. कोणी रजिस्टर टेबलावर आपटलं की ते आधी आकडा बघत, मग आपटणाऱ्याकडे. एकदा राहात्याहून मुलाचा दाखला न्यायला आलेल्या बागायतदारानं खुर्चीत बसता बसता उपरणं झटकलं. साडूंनी मुकाट्यानं यंत्र त्याच्यापुढे धरलं. त्या भल्या माणसाला वाटलं, आपली शुगर दाखवतायत. त्यानं समोरचा चहा परत सरकवला.

आमची करमणूक चालली होती. पण शिपाई मावशींचा खोकला वाढत गेला. मावशी पूर्वेकडच्या दुष्काळी गावातल्या. ऊसतोड सोडून बारा वर्षांपूर्वी इथं लागलेल्या. तब्येत साथ देत नाही तर महिनाअखेरीस त्यांना घरी बसवा, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं. साडूंनी पंधरा दिवस मागून घेतले. दोष मावशींच्या छातीत नाही, ऑफिसच्या हवेत आहे, हे ते कागदावर दाखवणार होते.

मग दर अर्ध्या तासाला आकडा वहीत. आधी संशय झेरॉक्स मशीनवर, मग जुन्या रजिस्टरांच्या कपाटावर, मग माझ्या चपलांवर. आकडा मात्र रोज सकाळी दहालाच चढायचा, मशीन सुरू व्हायच्या आत. दहाला आमच्याकडे संस्थापकांच्या तसबिरीला धूप दाखवतात. तो मान हेडक्लार्कचा. निखाऱ्यांचं धुपाटणं मावशी हातात धरत, साडू त्यात मूठभर धूप सोडत. आणि वास टिकावा म्हणून दारंखिडक्या लावून घेत. वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकता.

हे लक्षात आलं त्या दिवशी ते डबासुद्धा न उघडता बसून राहिले. संध्याकाळी अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला. त्यात खोकल्याचं कारण म्हणून स्वतःचं नाव घातलं. मग मावशींना बोलावून माझ्यासमोरच म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं मीच तुम्हाला धुरात कोंडत होतो."

मावशींनी पदर सारखा केला. "मला म्हाईत हुतं, साहेब," त्या म्हणाल्या. "पन तुमी लई मनापासनं घालत हुता."

मावशींची नोकरी राहिली. धूप बंद झाला. खोकला कमी आहे, पुरता गेलेला नाही. अजूनही त्या खोकायला लागल्या की साडू लिहिता हात थांबवतात आणि खोकला संपेपर्यंत तसेच बसून राहतात. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवत नाही.